बिडी, बीटाब्लॉकर आणि ब्रॉन्कोस्कोपी: गुंगीच्या औषधांची एक निवड

रुग्णाचं वय ६४, वजन ५८ किलो. गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला खेटून. डाळिंबाची बाग, घरात कानडी, बाजारात मराठी. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चाळीस वर्षं बिडी ओढलेली. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलेला आणि तेव्हापासून मेटोप्रोलॉल (नाडी संथ ठेवणारा बीटाब्लॉकर) आणि रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल रोज चालू. दीड महिना थुंकीतून रक्त पडत होतं. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे आधी टीबीचा शोध झाला, थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली, आणि मग सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडाच्या तोंडाशी साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली. गाठ आतल्या बाजूला, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी. भोवतालचं फुफ्फुस बिडीने फुगून पोकळ झालेलं. बाहेरून सुई घालून तुकडा काढायचा तर फुफ्फुसाला भोक पडून हवा भरण्याची भीती. म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीशिवाय, श्वासनलिकेत दुर्बीण घालून तुकडा काढण्याशिवाय, वाट नव्हती.

ती एकदा करून झाली होती, आणि फसली होती. दुसऱ्या एका ठिकाणी मिडाझोलाम हे गुंगीचं औषध ४ मि.ग्रॅ. शिरेतून देऊन दुर्बीण आत घातली गेली. सोबत दुसरं कुठलं औषध नव्हतं. घशात लिग्नोकेनचा, म्हणजे जागा सुन्न करणाऱ्या औषधाचा, फवारा मारला होता, पण मारला आणि लगेच सुरुवात केली. स्वरयंत्राशी पोचताच खोकल्याची उबळ आली, रुग्णाने हाताने नळी ओढली, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८२ वर आलं आणि काम थांबवावं लागलं. सांगलीला आमच्याकडे आले तेव्हा मुलगा फाइल पुढे करत होता आणि वडील दाराकडे बघत होते. "ते नळीचं सोडून काय ते करा," एवढंच बोलले.

छातीविकारतज्ज्ञांनी मला, भूलतज्ज्ञाला, बोलावलं ते यासाठी. त्यांचा प्रश्न सरळ होता: "काय देणार?" माझं उत्तर मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत तयार नव्हतं, कारण या माणसाच्या बाबतीत औषधांच्या प्रत्येक जोडीला एकेक हरकत होती.

हाताशी काय होतं

तपासण्या अशा: खोलीतल्या हवेवर सॅच्युरेशन ९३, श्वासाच्या तपासणीत एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा) अपेक्षेच्या ४८ टक्के, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४७. म्हणजे श्वासाची शिल्लक आधीच निम्म्यावर, आणि कार्बन डायऑक्साइड साठायला जेमतेम सुरुवात झालेली. नाडी ६४, बीपी १३८/८०, ईसीजीत कुठलाही ब्लॉक नाही, इकोमध्ये हृदयाचं काम ठीक. हृदयरोगतज्ज्ञांना विचारून क्लोपिडोग्रेल ७ दिवस आधी बंद केलं, ॲस्पिरिन चालू ठेवलं. मेटोप्रोलॉल त्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगितलं. स्टेंट असलेल्या माणसाचा बीटाब्लॉकर ऐनवेळी तोडणं हा भलताच धोका, आणि तो घेऊन पुढचा हिशोब करायचा होता.

ब्रॉन्कोस्कोपीत गुंगीकडून आपण तीन गोष्टी मागतो: खोकला दबावा, श्वास चालू राहावा, आणि रुग्णाला तो प्रकार सोसावा लागू नये, निदान आठवू तरी नये. तिन्ही एकट्याने देणारं औषध नाही, म्हणून जोड्या. शिवाय इथे वाट एकच असते. पोटाच्या दुर्बिणीत श्वास अडला तर मी हनुवटी उचलून मास्क लावू शकतो. इथे ज्या वाटेने श्वास जायचा त्याच वाटेत दुसऱ्या डॉक्टरची नळी असते.

मिडाझोलाम आणि फेंटानिल ही सर्वात रुळलेली जोडी. मिडाझोलाम भीती घालवतं आणि आठवण पुसतं, पण खोकल्याला हात लावत नाही. पहिल्या खेपेला जे झालं त्यात औषधाचा दोष नव्हता, त्याच्याकडून भलतंच काम मागितलं गेलं होतं. खोकला दाबायचं काम अफूवर्गीय औषधाचं, म्हणजे फेंटानिलचं. दोन्ही मिळून काम छान होतं, पण श्वासावरचा परिणाम नुसता बेरजेइतका राहत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी माणसांना ही औषधं आधी वेगवेगळी आणि मग एकत्र दिली होती. मिडाझोलामवर कोणाचं ऑक्सिजन घटलं नाही, फेंटानिलवर ६ जणांचं घटलं, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर ११ जणांचं. त्यातल्या ६ जणांचा तर श्वासच काही काळ थांबला. डोस आपण वापरतो त्याहून बरेच जास्त होते, हे खरं. पण ती धडधाकट माणसं होती, आमच्या पेशंटसारखी निम्म्या फुफ्फुसावर चालणारी नव्हती.

या जोडीच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: दोन्हींचे उतारे मिळतात. फ्लुमाझेनिल आणि नॅलोक्सोन ट्रेमध्ये असले की रात्री झोप लागते. फक्त उतारा आधी उतरतो आणि मूळ औषध मागे उरतं, तेव्हा उतारा दिलेला पेशंट टुणकन उठला म्हणून अर्ध्या तासात घरी सोडायचा नसतो. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत फेंटानिल २५ मायक्रोग्रॅमने सुरू करून ५० च्या पुढे जाऊ नका, अफूवर्गीय औषध आधी द्या आणि मिडाझोलाम मागून, सत्तरीपुढच्यांना सुरुवातीला २ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त नको, असं सांगितलं आहे. आमचा रुग्ण चौसष्टचा होता, पण फुफ्फुसाचं वय विचाराल तर सत्तरीच्या पुढचंच.

प्रोपोफॉलला दुर्बीणवाले डॉक्टर मनापासून मत देतात, आणि त्यांचं चुकत नाही. मिनिटाभरात चढतं, थांबवलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताजातवाना. पण उतारा नाही, बीपी पाडतं, आणि 'झोपला आहे' आणि 'श्वास सोडला आहे' यांतलं अंतर फार थोडं. माझं स्पष्ट मत आहे की अशा फुफ्फुसाच्या माणसाला अर्धवट प्रोपोफॉल देऊन मध्येच लटकत ठेवू नये. तेवढी खोल गुंगी हवीच असेल तर सरळ पूर्ण भूल द्यावी, लॅरिंजियल मास्क (स्वरयंत्रावर बसणारी श्वासाची नळी) घालावा आणि त्यातून दुर्बीण जाऊ द्यावी. निदान श्वासाची दोरी आपल्या हातात राहते. ईबसमध्ये, म्हणजे सोनोग्राफीच्या दुर्बिणीत, जिथे तास-तासभर सुया टोचायच्या असतात, तिथे मी तेच करतो. इथे काम पंधरा-वीस मिनिटांचं होतं.

केटामिनचं नाव छातीविकारतज्ज्ञांनीच काढलं: श्वास चालू ठेवतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, बिडीवाल्याला आणखी काय हवं? त्यांचं म्हणणं दम्याच्या तरुण पेशंटला शंभर टक्के लागू. पण केटामिन नाडी आणि बीपी वर नेतं, लाळ वाढवतं, आणि उठताना काहींना भास होतात. स्टेंटवाल्या हृदयाला चढती नाडी नको होती. आधीच दुर्बिणीला घाबरलेल्या माणसाला भास होणं तर त्याहून नको. २०१३ नंतर केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, गेल्यापासून त्याचा साठा आणि नोंदी हा वेगळाच व्याप झाला, तो इथे बाजूला ठेवतो.

राहिलं डेक्समेडेटोमिडिन. याची गुंगी साध्या झोपेच्या जवळची. हाक मारली की माणूस डोळे उघडतो, आणि श्वासाला ते फारसं दुखवत नाही. या रुग्णासाठी एवढ्यावर निर्णय झाला असता. पण ते नाडी खाली आणतं, आणि आमच्या रुग्णाने सकाळीच मेटोप्रोलॉल घेतलेलं. शिवाय ते सावकाश चढतं आणि सावकाशच उतरतं. २०१२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी ब्रॉन्कोस्कोपीसाठी प्रोपोफॉलबरोबर रेमीफेंटानिल (फेंटानिलचाच भाऊबंद) आणि प्रोपोफॉलबरोबर डेक्समेडेटोमिडिन अशी तुलना केली. डेक्समेडेटोमिडिनच्या गटात ऑक्सिजन कमी वेळा घसरलं, पण शुद्धीवर यायला वेळ जास्त लागला आणि जागेवर सुन्न करायचं औषध जास्त वापरावं लागलं. शेवटचा मुद्दा लोक वाचून सोडून देतात. त्याचा अर्थ असा की डेक्समेडेटोमिडिन खोकल्याला फारसं आवरत नाही. ते काम लिग्नोकेनवर आणि फेंटानिलवर टाकावं लागतं.

ठरलं ते

डेक्समेडेटोमिडिन, पण भरणीचा, म्हणजे सुरुवातीचा, डोस निम्मा: किलोमागे १ ऐवजी ०.५ मायक्रोग्रॅम, आणि दहाऐवजी पंधरा मिनिटांत. २०० मायक्रोग्रॅम ५० मि.लि.मध्ये, म्हणजे मि.लि.ला ४, आमच्या रुग्णाला सव्वासात मि.लि., पंपावर ताशी २९. नंतर किलोमागे ताशी ०.४, म्हणजे ५.८ मि.लि. सोबत फेंटानिल २५ मायक्रोग्रॅम, एकदाच, दुर्बीण स्वरयंत्राशी जायच्या आधी. मिडाझोलाम १ मि.ग्रॅ. सिरिंजमध्ये भरून बाजूला. नाडी वर आणणारं ॲट्रोपिनही भरून ठेवलेलं. नाडी ५० च्या खाली गेली तर पंप बंद, ४५ च्या खाली गेली तर ॲट्रोपिन, हे आधीच मोठ्याने सांगून ठेवलं. ऐनवेळी वाद नको.

फेंटानिलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पुस्तकात जोड्यांची तुलना वाचताना सगळी औषधं कपाटात आहेत असं धरलेलं असतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर एनडीपीएस कायद्यात (अमली पदार्थांच्या कायद्यात) फेंटानिलसारख्या 'अत्यावश्यक' औषधांची वाट सोपी झाली हे खरं, पण मान्यताप्राप्त संस्था म्हणून नोंद, दर ॲम्प्यूलचा हिशोब, रजिस्टर हे लागतंच. लहान गावातली लहान हॉस्पिटलं त्या भानगडीत न पडता पेंटाझोसिन किंवा ब्युटॉर्फॅनॉल या दुसऱ्या वेदनाशामकांवर भागवतात किंवा नुसत्या मिडाझोलामवर. पहिल्या खेपेला फेंटानिल का दिलं नाही हे मी विचारलं नाही. अंदाज येतो.

लिग्नोकेन

माझ्या मते या केसचा निम्मा निकाल इथे लागला, म्हणून जरा सविस्तर. जागा नीट सुन्न झाली की गुंगीचा डोस आपोआप निम्म्यावर येतो. नीट सुन्न झाली नाही, तर कुठलीही जोडी वापरा, शेवटी डोस वाढवत वाढवत तुम्ही भुलीच्या उंबऱ्यावर जाता आणि तेही तयारीशिवाय.

कमाल डोस आधी पाटीवर लिहिला. भारतीय मार्गदर्शिकेप्रमाणे किलोमागे ८ मि.ग्रॅ., म्हणजे ४६४. मी मात्र म्हाताऱ्या आणि हृदयाच्या पेशंटला ५ च्या आसपास थांबतो, म्हणजे २९० च्या आत. उजव्या नाकपुडीत दोन टक्क्यांची जेली ५ मि.लि., त्यात १०० मि.ग्रॅ. घशात दहा टक्क्यांचा फवारा चार वेळा, दर फवाऱ्याला १० मि.ग्रॅ. एक फवारा, मग गिळा, मग थांबा, मग दुसरा. चौथ्या फवाऱ्यानंतर त्यांना विचारलं, काय वाटतं? "घशात कापूस भरल्यागत झालंय." हे उत्तर यायलाच हवं. ते येत नाही तोवर दुर्बीण हातात घेऊ नये. पहिल्या खेपेला या वाटण्यासाठी कोणी थांबलं नव्हतं.

मग मानेच्या पुढून, कंठमण्याच्या खालच्या पडद्यातून बारीक सुईने श्वासनलिकेत एक टक्क्याचं ४ मि.लि. दिल्लीच्या एम्समधल्या चाचणीत ही पद्धत दुर्बिणीतून शिंपडत जाण्यापेक्षा सरस ठरली होती, खोकलाही कमी आणि औषधही कमी. जागेपणी नळी घालणारे आम्ही भूलतज्ज्ञ ती जुन्या काळापासून करत आलोय, पण छातीच्या डॉक्टरांना गळ्यात सुई घालायचं जिवावर येतं. औषध आत गेलं की एक जोरदार खोकला येतो आणि तोच खोकला औषध वर स्वरयंत्रापर्यंत फेकतो. सुई क्षणात बाहेर काढावी लागते, एवढंच. उरलेलं एक टक्क्याचं औषध दुर्बिणीतून, २ मि.लि. पाच वेळा. एक की दोन टक्के यावरही चंडीगडच्या पीजीआयमध्ये ५०० रुग्णांवर चाचणी झाली होती. दोन टक्क्याने खोकला काही कमी झाला नाही, डोस मात्र दुप्पट. एकूण बेरीज २८०.

प्रत्यक्ष

नाकातून ३ लिटर ऑक्सिजन, कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड लाटेच्या रूपात दाखवणारं यंत्र) लावलेला. सॅच्युरेशनवर विसंबणं ऑक्सिजन चालू असताना फसवं असतं. श्वास मंदावल्यावर आकडा घसरायला मिनिट-दीड मिनिट लागतं, आणि कॅप्नोग्राफची लाट त्याआधी सपाट झालेली असते.

भरणीचा डोस संपला तेव्हा नाडी ५६, बीपी १०८/६४, डोळे मिटलेले. मी मराठीत हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, पापणी हलली. मध्यम गुंगीची व्याख्याच अशी की हाकेला माणूस अर्थपूर्ण प्रतिसाद देतो. तो नसेल तर खोल गेलोय असं धरून डोस कमी करायचा. मी पंपाकडे हात नेला तेवढ्यात सिस्टर वाकून म्हणाल्या, "अज्जा, कण्णु तेगीरी." डोळे लगेच उघडले आणि मानही हलली. मिरजेत १८९४ साली वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिल्यापासून अथणी-जमखंडीकडची माणसं इकडे उपचाराला येतात, त्यामुळे कानडी येणाऱ्या सिस्टर आमच्याकडे दुर्मीळ नाहीत. पण गुंगीची खोली मोजायला मी त्यांना कधी मुद्दाम डोक्याशी उभं केलं नव्हतं. आता करतो. गुंगीत माणूस घरच्या भाषेला आधी ओ देतो, आणि ओ न देणाऱ्याचा डोस आपण उगाच बदलत बसतो.

फेंटानिल दिल्यावर तीन मिनिटांनी दुर्बीण नाकातून गेली. स्वरयंत्रावर तीन वेळा खोकला, जेमतेम. सॅच्युरेशन सर्वात खाली ९१. श्वासनलिका, दुभाजक, उजवी बाजू. वरच्या खंडाच्या तोंडाशी फुलकोबीसारखी, हात लावताच पाझरणारी गाठ. तिसरा तुकडा घेतल्यावर रक्त आलं. थंडगार सलाईन सोडलं, उजवी कूस खाली केली. रक्तवाहिन्या आवळणारं, पातळ केलेलं ॲड्रेनलिन तयार होतं, पण स्टेंटवाल्याला ते न देता भागलं तर बरं म्हणून थांबलो, आणि दोन मिनिटांत भागलं. या दोन मिनिटांत तो स्वतः दोनदा खोकला आणि डाव्या बाजूला उतरू पाहणारं रक्त त्यानेच वर आणलं. प्रोपोफॉलवर गाढ असता तर ते काम आम्हाला सक्शनने करावं लागलं असतं. खोकला कमी हवा, पण शून्य नको. तुलनेच्या तक्त्यांत 'खोकला कमी' हा नेहमी गुण म्हणून मोजतात. रक्त येणाऱ्या गाठीपुढे मला तो हिशोब एकांगी वाटतो.

अडचण आली ती दुसरीकडून. बाराव्या मिनिटाला नाडी ४७, बीपी ९२/५४. पंप बंद. पण हे औषध बंद केलं म्हणून लगेच उतरत नाही. मिनिटाभरात ४३. ॲट्रोपिन ०.६ मि.ग्रॅ., आणि नाडी ७८ वर. चौथा आणि पाचवा तुकडा, एक ब्रश, आणि दुर्बीण बाहेर. मिडाझोलामची सिरिंज तशीच राहिली.

नंतर

रिकव्हरीत ते पन्नास मिनिटं पेंगत होते, बीपी १०० च्या आसपास रेंगाळत होतं; २५० मि.लि. सलाईन आणि पाय उंच, बाकी काही लागलं नाही. कार्बन डायऑक्साइड पुन्हा तपासला, ४९. मुलाला पाचची जतची एसटी पकडायची होती, तिला आम्ही नाही म्हटलं. दोन तास तोंडात काही नाही, कारण घसा सुन्न असताना पाणीही चुकून श्वासनलिकेत जातं. मग दोन घोट पाणी, ठसका नाही, मग चहा.

संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, काय काय आठवतंय. नाकात काहीतरी सरकलं ते आठवत होतं, गळ्यातली सुई आठवत होती, आणि "ती बाई कानडीत बोलत होती" हेही. रक्त आल्याचं आठवत नव्हतं. मागच्या वेळेसारखं वाटलं का? "न्हाय. पर कळत होतं समदं." म्हणजे सोसलं, पण विसरले नाहीत. डेक्समेडेटोमिडिन एकट्याने आठवण पुसत नाही हे पुस्तकात आहेच. कुणाला हे चालतं. या माणसाला पहिली खेप एवढी लक्षात होती की दुसरीचा थोडा भाग पुसला गेला असता तर बरं झालं असतं.

ही जोडी मी सगळ्यांना देणार नाही. टीबीच्या शंकेने फुफ्फुस धुऊन बघायला आलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराला फेंटानिल आणि दीड-दोन मि.ग्रॅ. मिडाझोलाम पुरतं, त्याच्यासाठी पंप लावून पंधरा मिनिटं बसणं म्हणजे ओपीडी अडवणं. नाडी मुळात ५० असलेल्याला किंवा ईसीजीत ब्लॉक असलेल्याला डेक्समेडेटोमिडिन मुळीच नाही, तिथे मी मोजूनमापून मिडाझोलाम-फेंटानिलकडेच वळेन, फुफ्फुस कसंही असो. आणि जिथे भूलतज्ज्ञ नाही, दुर्बीण धरणारेच डॉक्टर गुंगीवरही लक्ष ठेवणार आहेत, तिथे उतारे असलेली जोडी सोडून दुसरं काही वापरू नये. मग अभ्यास काहीही सांगोत.

तुकड्यांचा रिपोर्ट स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. फुफ्फुसाची ताकद बघता ऑपरेशन शक्य नव्हतं, किमो आणि रेडिएशन ठरलं. उपचारांनंतर पुन्हा एकदा दुर्बिणीने बघावं लागू शकतं असं छातीविकारतज्ज्ञांनी मुलाला सांगितलं, तेव्हा वडील ऐकत होते आणि या वेळी दाराकडे बघितलं नाही. पुढच्या खेपेसाठी फाइलवर लिहून ठेवलं आहे: भरणी तशीच ०.५, पंधरा मिनिटांत, नंतर ०.४ ऐवजी ०.२, गळ्यातल्या सुईआधी मिडाझोलाम १ मि.ग्रॅ., फेंटानिलनंतर, दोन मिनिटांत सावकाश. नाडी ५० ला पंप बंद. डोक्याशी कानडी येणारी सिस्टर.